एकाच वनस्पतीची दोन शरीरं: पिढ्यांचं एकांतरण नेमकं कसं समजून घ्यायचं?

प्रश्न बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: माणसातही 2n पेशी (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) असतात आणि n पेशीही (एकच संच असलेल्या) असतात, मग पिढ्यांचं एकांतरण, म्हणजे दोन वेगळ्या शरीरांच्या पिढ्या आलटूनपालटून येणं, फक्त वनस्पतींचंच का सांगतात? दुसरं, आंब्याच्या झाडात ही दुसरी पिढी असते कुठे? आणि तिसरं, n गुणसूत्रं म्हणजे गॅमेटोफाईट (गॅमेट, म्हणजे लिंगपेशी, बनवणारं शरीर) आणि 2n म्हणजे स्पोरोफाईट (बीजुकं बनवणारं शरीर), हा नियम पक्का धरायचा का?

तिसरा प्रश्न सहसा परीक्षेत येत नाही, कारण त्याचं उत्तर "नाही" असं आहे आणि त्या उत्तरानं पाठ्यपुस्तकातलं गोल चित्र जरा विस्कटतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि माझं बरंचसं काम नेच्यांवर (फर्नवर) आहे, त्यामुळे माझी उदाहरणं तिकडे झुकतील. पण नेचा सोडून हा विषय नीट समजत नाही, असं माझं मतही आहे.

पहिल्या प्रश्नाची किल्ली एका जागी आहे. अर्धसूत्री विभाजनातून (मिऑसिस, ज्यात गुणसूत्रं निम्मी होतात) निघालेली पेशी पुढे काय करते? माणसात ती शुक्रपेशी किंवा अंडपेशी होते. तिला जोडीदार मिळाला तर ठीक, नाही तर ती तिथेच संपते. n अवस्थेचं आपल्यात वेगळं शरीर होत नाही. जमिनीवरच्या वनस्पतींत अर्धसूत्री विभाजनातून गॅमेट निघतच नाहीत, निघतात ती बीजुकं, म्हणजे स्पोअर्स. बीजुकाला जोडीदार लागत नाही. ओल मिळाली की ते एकटंच रुजतं, साध्या समसूत्री विभाजनानं (ज्यात गुणसूत्रं तेवढीच राहतात) वाढतं आणि अनेक पेशींचं शरीर बनतं. हा गॅमेटोफाईट, मराठी पुस्तकांतला गंतुकधारी. गॅमेट त्याच्या अंगावर तयार होतात आणि तेही समसूत्री विभाजनानं, कारण गुणसूत्रं आधीच निम्मी झालेली असतात. तोंडी परीक्षेत बहुतेकांची गाडी नेमकी इथे अडते. "गॅमेट कशातून?" विचारलं की शाळेपासूनच्या सवयीनं "मिऑसिस" असं उत्तर येतं. पुढे दोन गॅमेट जुळून युग्मनज होतो, त्यातून स्पोरोफाईट म्हणजे बीजुकधारी वाढतो, त्याच्यात अर्धसूत्री विभाजन होतं आणि पुन्हा बीजुकं तयार होतात.

तेव्हा एकांतरण म्हणायला नुसत्या n आणि 2n पेशी असून भागत नाही, दोन्ही अवस्थांना स्वतःचं बहुपेशीय शरीर लागतं. काही समुद्री शैवालांतही ते आहे. किनाऱ्यावरच्या खडकांवर दिसणाऱ्या हिरव्या उल्वात तर दोन्ही शरीरं दिसायला इतकी सारखी असतात की नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. पण जमिनीवर एकही वनस्पती अशी नाही की जिच्या वंशात हे एकांतरण नाही.

आता नेचा. पावसाळ्यात कोकणात जांभ्याच्या एखाद्या गडग्याकडे किंवा जुन्या विहिरीच्या आतल्या बाजूला पाहा. काळ्या चकचकीत देठाचा हंसराज तिथे हमखास असतो. हा त्याचा स्पोरोफाईट. पानाची कड खालच्या बाजूला दुमडलेली असते आणि त्या दुमडीवर तपकिरी बीजुककोश असतात. पिकलेल्या कडेचा बारीकसा तुकडा काचपट्टीवर कोरडाच ठेवायचा, वर झाकणकाच ठेवायची नाही, आणि सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याची ऊब लागू द्यायची. प्रत्येक कोशावर जाड भिंतींच्या पेशींचं एक वलय दिसेल. या पेशींच्या आतल्या आणि बाजूच्या भिंती जाड असतात, बाहेरची तेवढी पातळ. आतलं पाणी उडायला लागलं की पातळ भिंत आत खेचली जाते, वलय हळूहळू उलटं वाकतं आणि कोश फाटतो. क्षणभर सगळं ताणलेलं राहतं. मग पेशींत उरलेल्या पाण्यात एकाएकी बुडबुडे होतात, ताण सुटतो आणि गलोलीतून खडा सुटावा तशी बीजुकं नजरेबाहेर फेकली जातात. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी दचकून डोळा मागे घेतो.

या बीजुकातून नेचा उगवत नाही. उगवतो तो प्रोथॅलस: चार-पाच मिलिमीटरचा, हृदयाच्या आकाराचा, मधला भाग सोडला तर एका पेशीच्या जाडीचा हिरवा पापुद्रा. त्याला ना खोड, ना पान, ना खरं मूळ. पण तो स्वतःचं अन्न स्वतः बनवतो आणि कुणावर अवलंबून नसतो. गडग्यावर हंसराजाच्या आसपासची ओली माती भिंगानं नीट पाहिली तर तो सापडतो. बहुतेक लोक त्याला शेवाळ समजून पुढे जातात. घरी वाढवायचा असेल तर कुंडीचं खापर उकळत्या पाण्यानं धुऊन पाण्याच्या बशीत ठेवा, त्यावर कागदाच्या पाकिटात जमवलेली बीजुकं अगदी विरळ भुरभुरा आणि काचेचा वाडगा उपडा घाला. दोन-तीन आठवड्यांत हिरवी झाक येते, हृदयाचा आकार यायला त्यापुढे आणखी काही आठवडे लागतात. पाणी फक्त खालून द्यायचं. वरून थेंब पडला नाही की फलन होत नाही आणि पिकलेले रेतुकाशय, म्हणजे शुक्राणू बनवणारे नर अवयव, साठून राहतात. मग असा एखादा प्रोथॅलस काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात उलटा ठेवला की ते फुटतात आणि मळसूत्री आकाराचे, अनेक कशाभिकांचे (पोहण्याच्या शेपट्यांचे) शुक्राणू गरगरत बाहेर पडतात. खाचेजवळच्या अंदुककलशांकडे, म्हणजे अंडपेशी असलेल्या मादी अवयवांकडे, ते रसायनाच्या ओढीनं जातात. मॅलिक आम्लाकडे नेच्याचे शुक्राणू आकर्षित होतात, हे फेफर या जर्मन शास्त्रज्ञानं 1884 मध्येच दाखवलं होतं.

प्रोथॅलसांचं आपापसातही राजकारण चालतं. अनेक जातींत जो आधी मोठा होतो तो एक संप्रेरक सोडतो आणि आजूबाजूचे लहान त्याच्या प्रभावाखाली फक्त नर अवयव तयार करतात. एकाच प्रोथॅलसवरच्या गॅमेटांचं आपापसातलं फलन त्यामुळे थोडं टळतं. हे संप्रेरक 1950 मध्ये ड्योप यांनी प्रथम दाखवलं, आणि पुढे अनेक नेच्यांत ते जिबरेलिन या वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकाच्या नात्यातलं निघालं.

दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना हे सगळं सहज दिसलं असेल असं समजू नका. प्रोथॅलस म्हणजे नेच्याचं बीजपत्र, अशी समजूत बराच काळ होती. त्याच्यावर अंदुककलश असतात आणि फलन तिथे होतं, हे लेश्चिट्स-सुमिन्स्की यांनी 1848 मध्ये मांडलं. पण मॉस, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांची जीवनचक्रं एकाच आराखड्याची आहेत हे दाखवलं ते विल्हेल्म होफमायस्टर यांनी, 1851 मध्ये. लाइपझिगमध्ये पुस्तकं आणि संगीताच्या प्रती छापून विकणाऱ्या घराण्यातला हा 27 वर्षांचा तरुण. विद्यापीठाची पदवी नाही, वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेला. पुढे तो हायडेलबर्गला थेट प्राध्यापक झाला. आणि हे सगळं त्यानं गुणसूत्रं मोजण्याची कल्पनाही नसताना केलं. n आणि 2n ची बाजू कळली ती 1894 च्या सुमारास श्ट्रासबुर्गर यांच्या कामानं. तिसऱ्या प्रश्नाकडे जाताना हा क्रम ध्यानात ठेवा: दोन शरीरं आधी ओळखली गेली, आकडे नंतर चिकटवले गेले.

मॉसमध्ये पारडं उलटं आहे. भिंतीवर दिसणारा हिरवा मऊ थर हा गॅमेटोफाईट. त्यातून वर आलेला तपकिरी दांडा आणि टोकावरचा कोश हा स्पोरोफाईट, आणि तो आयुष्यभर आईच्या अंगात पाय रोवून उभा असतो. फ्युनारिया या मॉसचा कोवळा कोश हातात घेतलात तर त्याच्यावरची टोपी अलगद काढून पाहा. ती टोपी जुन्या अंदुककलशाची, म्हणजे n. तिच्याखालच्या कोशाची भिंत 2n. आतली पिकलेली बीजुकं पुन्हा n. भातशेतात ओल्या मातीवर चिकटून वाढणाऱ्या रिक्सिया या मॉसच्या नातेवाईक वनस्पतीत तर स्पोरोफाईट म्हणजे नुसता बीजुकांनी भरलेला गोळा, त्याला ना दांडा ना पाय. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

ही दोन शरीरं आलीच कुठून? जमिनीवरच्या वनस्पतींचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे गोड्या पाण्यातली काही हिरवी शैवालं: कारा, कोलिओकीट आणि त्यांचे भाऊबंद. त्यांच्यात युग्मनज ही एकच पेशी 2n असते आणि तिचं पहिलंच विभाजन अर्धसूत्री होतं. म्हणजे आपल्या बरोबर उलट. यावरून चेलाकोव्स्की यांनी 1874 मध्ये आणि पुढे बॉवर यांनी 1908 मध्ये असं मांडलं की स्पोरोफाईट हे नंतर मध्ये घुसलेलं शरीर आहे. कारण हिशेबी आहे. शुक्राणूला पोहत जावं लागतं आणि जमिनीवर पाण्याचा थर रोज मिळत नाही, म्हणून फलन दुर्मीळ होतं. युग्मनज लगेच अर्धसूत्री विभागला तर एका फलनातून बीजुकं चार. तोच आधी समसूत्री पद्धतीनं दहा वेळा विभागला तर पेशी 1024, आणि त्या सगळ्यांनी बीजुकं केली तर 4096. शिवाय बीजुकांना वारा हवा, म्हणजे उंची हवी. गॅमेटोफाईटला पाणी हवं, म्हणजे त्यानं जमिनीलगत राहिलेलं बरं. एका शरीराला या दोन्ही गरजा भागवणं जड जातं.

हा युक्तिवाद मला पटतो, पण त्याच्यावर पुस्तकांनी चढवलेली शिडी पटत नाही: आधी रिक्सिया, मग फ्युनारिया, मग नेचा, मग झाड, आणि स्पोरोफाईट पायरी-पायरीनं मोठा होत गेला. स्कॉटलंडमधल्या रायनी इथल्या सुमारे 40.7 कोटी वर्षांपूर्वीच्या चकमकी खडकात पेशीन्‌पेशी टिकलेले जीवाश्म आहेत. त्यात गॅमेटोफाईटसुद्धा सापडले, आणि ते उभे वाढणारे, पाणी वाहणाऱ्या ऊती आणि पर्णरंध्रं असलेले, टोकाला पसरट पेल्यात रेतुकाशय धरणारे निघाले. म्हणजे जुन्या काळच्या काही वनस्पतींत दोन्ही शरीरं आजच्यापेक्षा कितीतरी जास्त सारखी होती. तिथून मॉसच्या घराण्यात एक खुजं झालं, नेच्याच्या घराण्यात दुसरं. आजच्या जनुकीय वंशवृक्षातही मॉस आणि त्याचे सोबती हे नेच्यांचे पूर्वज नाहीत, भावंडं आहेत.

आता आंबा. त्याच्याआधी चिलगोजा खा, पैसे परवडत असतील तर. किन्नौरकडून येणाऱ्या पाईनचं हे बी रात्रभर पाण्यात भिजवा, कवच काढा आणि ब्लेडनं उभं चिरा. बाहेरचं कठीण कवच आणि आतली पातळ साल आईची, 2n. जो पांढरा गर आपण खातो तो मादी गॅमेटोफाईट, n. आणि त्याच्या मधोमध जी बारीक काडी दिसते, टोकाला अनेक बीजपत्रांची, ती नवी 2n पिढी. एका बियात तीन पिढ्या, आणि मधली बोटाच्या चिमटीत धरता येते. बी असलेल्या वनस्पतींत गॅमेटोफाईट डोळ्यांना दिसत नाही असं कुणी म्हणालं की त्याच्या हातावर चिलगोजा ठेवावा.

नारळावर मात्र हे लागू होत नाही. नारळाची 2n गुणसूत्रं 32, पण खोबऱ्याच्या पेशीत 48. पाणी आणि खोबरं म्हणजे भ्रूणपोष (एंडोस्पर्म), भ्रूणासाठीचा अन्नसाठा. तो दुसऱ्या शुक्रकेंद्रकाच्या मीलनानंतर तयार होतो आणि तो गॅमेटोफाईटही नाही, स्पोरोफाईटही नाही. दुहेरी फलनाचा हा शोध नवाशिन यांचा, 1898 चा. पाईन आणि नारळ दोन्हीकडे "एंडोस्पर्म" हाच शब्द वापरतात, तिथे घोटाळा होतो.

आंब्याच्या मोहोरात काही फुलं फक्त नर असतात, काही द्विलिंगी. द्विलिंगी फुलाच्या अंडाशयात एकच बीजांड असतं. त्याच्या पोटात अर्धसूत्री विभाजनातून चार बीजुकं होतात, तीन मरतात, उरलेलं एक तीनदा विभागून आठ केंद्रकांचा, सात पेशींचा भ्रूणकोश बनतो. हीच आंब्याची दुसरी पिढी, मादी बाजूची. ती कधीच बाहेर येत नाही, तिला हिरवा रंग नाही, ती खाते ते आईचं. नर बाजूची पिढी म्हणजे परागकण. आंब्याचा परागकण चिमुकला आणि काम करायला त्रासाचा, म्हणून वर्गात मी तेरडा वापरतो: दहा टक्के साखरेच्या द्रावणात चिमूटभर बोरिक आम्ल टाकून पराग ठेवले की अर्ध्या तासाच्या आत नळ्या फुटलेल्या दिसतात. ती वाढणारी नळी म्हणजे अख्खं नर शरीर. पोहणाऱ्या शुक्राणूची गरज या नळीनं संपवली. मधली पायरी अजून जिवंत आहे: सायकस आणि गिंको यांच्यात परागनळी येते, पण शेवटच्या टप्प्याला शुक्राणू पोहतातच. टोकियोत 1896 मध्ये हिरासे यांनी गिंकोत आणि इकेनो यांनी सायकसमध्ये ते पाहिले.

जाता जाता, वेल्लैकोलंबनसारख्या बहुभ्रूणी आंब्याच्या कोयीतून जी जादा रोपं येतात ती भ्रूणकोशाच्या बाहेरच्या, आईच्याच पेशींतून उगवलेली असतात. त्या रोपांनी गॅमेटोफाईटची पायरीच गाळलेली असते. कलमासाठी एकसारखे खुंट मिळतात ते यामुळे.

तर हा तिसरा प्रश्न. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम हा छोटासा नेचा आपल्या पश्चिम घाटातही आहे. त्याची 2n संख्या 1260 मोजली गेली ती 1954 मध्ये, केरळमधल्या झाडांवर. म्हणजे त्याच्या जमिनीखाली बुरशीच्या आधारानं जगणाऱ्या गॅमेटोफाईटच्या पेशीत 630 गुणसूत्रं. माणसाच्या 46 च्या कितीतरी पट, तरीही तो n. आकड्याला स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं.

"बरं, आकडा नाही, पण निम्मे की दुप्पट एवढं तरी ठरवत असेल?" तेही नाही. फार्लो या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1874 मध्ये टेरिस क्रेटिका या नेच्याच्या प्रोथॅलसवर फलन न होताच थेट रोप उगवलेलं नोंदवलं. दोन वर्षांनी प्रिंग्सहाइम यांनी मॉसच्या स्पोरोफाईटचा दांडा कापून ओलसर ठेवला, तर त्यातून बीजुकाशिवाय हिरवे धागे फुटले आणि मॉसचं नेहमीचं झाड आलं. गुणसूत्रं 2n, शरीर गॅमेटोफाईटचं. आणि आपल्याकडचं उदाहरण: 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश पोषक माध्यमावर वाढवले, आणि परागकणांतून भ्रूण आले. त्यातून वाढणारा धोतरा 24 ऐवजी 12 गुणसूत्रांचा असतो, पण त्याला पानं, खोड, फुलं सगळं येतं. जी पेशी दोन-तीन पेशींचं नर शरीर होऊन संपायची, ती n राहूनच स्पोरोफाईट झाली. संकरित वाणांच्या पैदाशीत आज हे तंत्र रोजचं आहे.

मग ठरवतं कोण? काही जनुकं. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालात एका प्रकारच्या गॅमेटमध्ये नॉक्स घराण्याचं प्रथिन असतं, दुसऱ्यात बेल घराण्याचं. गॅमेट जुळले की ही दोन प्रथिनं जोडी करून केंद्रकात जातात आणि युग्मनजाचा कार्यक्रम सुरू करतात; हे 2008 मध्ये दिसलं. फिस्कोमिट्रियम या मॉसमध्ये नॉक्स-2 गटातली जनुकं काढून टाकली तर 2n भ्रूणातून स्पोरोफाईटऐवजी गॅमेटोफाईटचे धागे फुटतात, अर्धसूत्री विभाजन न होता. हे काम 2013 चं. त्याच मॉसमध्ये बेल-1 जास्त प्रमाणात चालू केलं की फलनाशिवाय स्पोरोफाईट येतो, 2016. फलनानं गुणसूत्रं दुप्पट होतात हे खरं, पण त्याच वेळी दोन बाजूंची प्रथिनंही एकत्र येतात. निसर्गात या दोन गोष्टी जवळजवळ नेहमी बरोबर घडतात, म्हणून आपल्याला पहिली हीच कारण वाटते. परीक्षेत n आणि 2n जरूर लिहा, गुण त्यालाच आहेत. फक्त ते कारण म्हणून लिहू नका.

फलनाशिवाय चालणारा नेचा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. साधारण नेच्याच्या एका कोशात बीजुकं देणाऱ्या 16 मातृपेशी असतात, म्हणून बीजुकं 64. टेरिस क्रेटिकासारख्या जातींत त्याआधीचं शेवटचं विभाजन अर्धवट राहतं, 8 मातृपेशी दुप्पट गुणसूत्रांच्या होतात आणि अर्धसूत्री विभाजनानंतर बीजुकं 32 येतात, गुणसूत्रं मात्र पानातल्याइतकीच. तेव्हा न फुटलेला एक पिकला कोश सुईनं वेगळा काढा, ग्लिसरिनच्या थेंबात दाबून फोडा आणि मोजा. निदान पाच-सहा कोश मोजा, एखाद्यातली बीजुकं खुरटलेलीही असतात. सातत्यानं 32 निघाली तर ते पान दाबून वाळवून ठेवा आणि बीजुकं खापरावर पेरा. अंदुककलश न दिसता प्रोथॅलसच्या खाचेमागून थेट कोवळं पान येतं का, हे कळायला दोन-तीन महिने लागतील.